पित्ताशयासाठी सीटी केला आणि अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ निघाली: आता आधी काय करायचे?

फोंड्याच्या एका मुलाने विचारले आहे. आईचे वय ५८. चवथीच्या धावपळीनंतर पोटात उजव्या बाजूला दुखू लागले, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, म्हणून सर्जननी सीटी करायला सांगितला. खडे आहेतच, पण रिपोर्टच्या शेवटी आणखी एक ओळ आहे: डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत २.६ सेंटिमीटरची गाठ. आईंना नऊ वर्षे रक्तदाब आहे, तीन गोळ्या चालू आहेत. चार वर्षांपासून मधुमेह. एक डॉक्टर म्हणाले, पित्ताशयाबरोबर हीही काढून टाकू. दुसरे म्हणाले, वयोमानाने होते, विसरून जा. म्हापशाच्या मामांचे म्हणणे, सुई घालून तुकडा तपासायला द्या, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. मुलाचा प्रश्न: हा कर्करोग आहे का, आणि मुंबईला न्यावे लागेल का?

गोव्यात मी बावीस वर्षे हार्मोनचेच आजार बघतो आहे आणि हा प्रश्न हल्ली महिन्याला दोन-तीनदा तरी येतो. गाठी वाढल्या असे नाही, सीटी वाढले. कर्करोगाचे उत्तर देतोच, पण त्याआधी एक गोष्ट. तुमच्या पत्रात ज्याची खरोखर घाई आहे ते तुम्ही विचारलेलेच नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली आहे का? ठरली असेल, तर या गाठीबद्दल एका गोष्टीची खात्री होईपर्यंत आईंना भूल देऊ नये. का, ते पुढे येईल.

आधी जिवाला थोडा थंडावा. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या पोटाच्या सीटीत अ‍ॅड्रिनलची गाठ सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. प्रौढांत शंभरातल्या चार-पाच जणांत ती सापडते आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढते. सत्तरी ओलांडलेल्यांत (वयाची, गोव्यातल्या सत्तरी तालुक्याची नव्हे) आणखी जास्त. यातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात आणि काहीही उद्योग करत नाहीत. याच ग्रंथीत उगम पावणारा कर्करोग वर्षाला दहा लाखांत एक-दोन माणसांना होतो. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, म्हणजे अख्ख्या गोव्यात वर्षाला दोन-तीन रुग्ण. तेव्हा तुमच्या भीतीला जागा आहे, पण ती जागा लहान आहे. आईंना पूर्वी कुठला कर्करोग झाला असेल, विशेषतः स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा मूत्रपिंडाचा, तर मात्र हा हिशेब बदलतो, कारण त्या कर्करोगाची बीजे अ‍ॅड्रिनलमध्ये येऊन रुजू शकतात. तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. तरी आईंना एकदा विचारून घ्या. आपल्याकडे बायका असल्या गोष्टी मुलांपासून लपवतात.

आता ग्रंथीविषयी. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या, प्रत्येकी चार-पाच ग्रॅम वजनाच्या या ग्रंथी. मराठी पाठ्यपुस्तकांत अधिवृक्क म्हणतात, बोलताना कोणीच म्हणत नाही. बाहेरची साल आणि आतला गर, दोघांचा धंदा वेगळा. साल तीन प्रकारचा माल बनवते: मीठ-पाणी सांभाळणारा अल्डोस्टेरॉन, साखर, रक्तदाब आणि आजारपणातली तग सांभाळणारा कॉर्टिसॉल, आणि थोडे पुरुषी हार्मोन. गर अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन बनवतो, म्हणजे वाटेत नाग दिसल्यावर छातीत जी धडधड होते तिचा माल. गाठ यांपैकी कशाचीही बनलेली असू शकते. ती गप्प बसलेली असू शकते, नाहीतर कोणी न सांगता रात्रंदिवस कारखाना चालवणारी असू शकते.

म्हणून गाठीबद्दल दोन प्रश्न, आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. ती वाईट आहे का? आणि ती हार्मोन बनवते का? पहिल्याचे उत्तर चित्रात मिळते, दुसऱ्याचे रक्त-लघवीत. लोक पहिल्यातच अडकतात. कर्करोग नाही म्हटले की देवाला नारळ वाढवून घरी जातात, आणि साधी, सौम्य, पण हार्मोन ओकणारी गाठ पुढची दहा वर्षे हाडे, हृदय आणि मूत्रपिंड पोखरत राहते. तुमच्या आईंच्या बाबतीत मला दुसऱ्या प्रश्नाचीच जास्त काळजी आहे. तीन गोळ्यांवरचा रक्तदाब आणि वर मधुमेह, ही माहिती तुम्ही सहज लिहून गेलात, मी तिथेच थांबलो.

चित्रापासून सुरुवात करू. सीटीच्या यंत्राला प्रत्येक ठिपक्याची घनता मोजता येते आणि ती हाउन्सफील्ड युनिटमध्ये सांगतात. सीटी घडवणारे इंग्रज अभियंता गॉडफ्री हाउन्सफील्ड, १९७९च्या नोबेलचे एक मानकरी, त्यांच्या नावावरून. या मापात पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभराच्या आसपास. सालीतली सौम्य गाठ कोलेस्टेरॉलपासून हार्मोन बनवते, त्यामुळे तिच्या पेशींत चरबी भरलेली असते, सुक्या खोबऱ्यात तेल असते तशी. ही चरबी घनतेचा आकडा खाली ओढते. इंजेक्शन न देता केलेल्या साध्या सीटीत गाठ एकसारखी दिसली आणि आकडा १० किंवा त्याखाली आला, तर ती सौम्य आहे असे आज आम्ही ठामपणे म्हणतो. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२३च्या सुधारित मार्गदर्शक सूचना तर सांगतात की असा आकडा असेल तर गाठ मोठी असली तरी पुन्हा सीटी करायची गरज नाही. तरीही दर वर्षी त्याच गाठीचा सीटी काढून फाइल जाड करणारे लोक मला भेटतात. पैसे जातात, अंगात किरणोत्सर्ग जातो तो वेगळाच.

आकडा ११ ते २० आणि गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर लगेच आणखी एखादी तपासणी करतात किंवा वर्षभराने पुन्हा चित्र घेतात. २०च्या वर, किंवा ४ सेंटिमीटर व त्याहून मोठी आणि आतून चित्रविचित्र दिसणारी गाठ असेल, तर सर्जन, रेडिऑलॉजिस्ट आणि हार्मोनवाल्याने एका टेबलावर बसून निर्णय घ्यायचा. आकाराला महत्त्व आहे, पण घरी लोक समजतात तेवढे नाही. 'दोन पॉइंट सहा म्हणजे केवढी हो डॉक्टर?' असे प्रत्येक जण बोटांची चिमूट करून विचारतो. घनता किती, असे आजवर एकानेही विचारलेले नाही.

अडचण अशी की आईंचा सीटी पित्ताशयासाठी झाला, म्हणजे बहुधा शिरेतून औषध देऊनच. औषध शिरले की सगळ्याच गाठी उजळतात आणि हा आकडा निरुपयोगी होतो. म्हणून रिपोर्टमध्ये घनता लिहिलेली नसणार. यावर दोन उपाय. पहिला, सीटी केंद्रात जाऊन विचारा की औषध देण्याआधीच्या साध्या चित्रांची मालिका घेतली होती का. कित्येकदा घेतलेली असते, फक्त कोणी मोजलेले नसते. सीडी घेऊन रेडिऑलॉजिस्टना विनंती केलीत तर पाच मिनिटांचे काम आहे. दुसरा उपाय मला स्वतःला फार आवडतो: आईंना २०२० किंवा २०२१मध्ये कोविड झाला होता का, आणि छातीचा सीटी काढला होता का? तो बहुधा औषधाशिवाय केलेला असतो आणि त्याच्या शेवटच्या चित्रांत बहुतेकदा अ‍ॅड्रिनल येते. त्या वेळी सगळ्यांचे लक्ष फुप्फुसाकडे होते, खाली कोणी पाहिले नाही. ती सीडी कपाटात सापडली तर घनताही कळेल आणि इतक्या वर्षांत गाठ वाढली की आहे तेवढीच राहिली, तेही कळेल. माझ्या निम्म्या रुग्णांच्या घरी ती सीडी असते, टीव्हीखालच्या खणात, लग्नाच्या सीडींसोबत. दोन्ही नसेल तर अ‍ॅड्रिनलपुरता साधा सीटी करून घ्या. इंजेक्शन नाही, क्रिएटिनिनची चिंता नाही, टेबलावर पाच-दहा मिनिटे.

आता घाईची गोष्ट. गरात उगवणाऱ्या गाठीला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. नाव जड आहे, आम्ही आपसांत फिओ म्हणतो. ती अ‍ॅड्रिनलिनच्या जातीचा माल रक्तात सोडते, कधी सतत, कधी झटक्यांनी. झटका आला की डोके फुटेल असे दुखते, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, चेहरा पांढरा पडतो, रक्तदाब २०० पार जातो, आणि अर्ध्या तासात सगळे शांत. काही फिओ मात्र वर्षानुवर्षे एक शब्द बोलत नाहीत. मग कोणीतरी हर्नियाचे, दाताचे किंवा पित्ताशयाचे ऑपरेशन काढतो, भूल दिली जाते, पोटात हवा भरली जाते, आणि गाठ आपले अख्खे कोठार एकदम रिकामे करते. ऑपरेशनच्या टेबलावर ३००कडे धावणारा रक्तदाब पाहिलेला भूलतज्ज्ञ ती दुपार विसरत नाही.

आणि इथे माझीच एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सत्तरीतल्या एका गावातून पस्तिशीची बाई आली. अशाच झटक्यांनी हैराण. घरच्यांनी आधी घाड्याकडे, म्हणजे भूतबाधा उतरवणाऱ्याकडे नेले होते, देवचाराची वाट ओलांडली असे निदान झाले होते, नारळ-कोंबडा झाला होता. नंतर कोणीतरी मनाच्या काळजीची गोळी दिली होती. मी घाड्याला मनातल्या मनात हसलो आणि धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल लिहून दिले. तपासण्यांचे रिपोर्ट यायला आठवडा होता, तोवर आराम पडू दे, म्हणून. दुसऱ्या रात्री तिला तुडुंब वाढलेल्या रक्तदाबाने आणि दम लागून भरती करावे लागले. कारण साधे आहे आणि पुस्तकात पहिल्या पानावर असते: प्रोप्रानोलॉलसारखे बीटा ब्लॉकर शिरा सैल करणारा दरवाजा बंद करतात, शिरा आवळणारा अल्फा दरवाजा उघडाच राहतो. फिओमध्ये आधी अल्फा बंद करायचा, प्राझोसिन किंवा फिनॉक्सिबेन्झामिन देऊन, आणि गरज पडली तर मागाहून बीटा. ती वाचली, गाठ निघाली, आज तिला नातू आहे. घाड्याने निदान तिला गोळी तरी दिली नव्हती.

म्हणून नियम असा: अ‍ॅड्रिनलची गाठ माहीत आहे आणि ती फिओ नाही हे माहीत नाही, अशा स्थितीत कुठलेही ठरवून करायचे ऑपरेशन नको, आणि धडधडीसाठी नवी गोळीही नको. यावरची तपासणी म्हणजे रक्तातले मुक्त मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनलिन मोडून बनणारा पदार्थ), नाहीतर २४ तासांच्या लघवीतले. साध्या सीटीचा आकडा १० किंवा त्याखाली निघाला, तर तीही लागत नाही, कारण फिओमध्ये खोबऱ्यासारखे तेल नसते. म्हणजे तुमच्या सर्वांत तातडीच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत साध्या सीटीत मिळू शकते. म्हणूनच मी सुरुवात तिथून केली.

आकडा जास्त निघाला तर मेटानेफ्रिन करावेच लागेल, आणि ते नीट करावे लागेल. नमुना घेण्याआधी वीस-तीस मिनिटे आडवे पडून राहायचे. रांगेत उभे राहून, नंबर चुकला म्हणून भांडून, मग खुर्चीत बसून दिलेल्या रक्तात मेटानेफ्रिन उगाच थोडे वाढलेले दिसते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते त्या, आणि नैराश्याच्या काही गोळ्या निकाल बिघडवतात. मनाने बंद करू नका, आधी विचारा. गोव्यातून हे नमुने बहुधा बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत थंड पेटीतून जातात, तेव्हा पेटीची चौकशी करा. लघवीचा मार्ग घेतलात तर सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरून सगळी कॅनमध्ये जमा करायची. कदंबाच्या बसमध्ये तो कॅन मांडीवर घेऊन येणाऱ्या माणसांचा मला नेहमी आदर वाटतो. निकाल वरच्या मर्यादेच्या तीनपट किंवा जास्त असेल तर फिओची शक्यता दाट. जरासा वाढलेला असेल तर घाबरायच्या आधी तपासणी पुन्हा, नीट आडवे पडून. खरोखर फिओ निघालाच, तर कुटुंबाकडेही पाहावे लागते, कारण तीनातल्या एका रुग्णात तरी दोष जनुकांतून आलेला असतो. घरात कोणी तरुणपणी ऑपरेशनच्या टेबलावर गेले का, कोणाला थायरॉइडचा कर्करोग झाला का, हे आजी-काकींना विचारायचे प्रश्न आहेत.

पित्ताशयाला सूज येऊन ताप, कावीळ झाली आणि ऑपरेशन थांबवताच येत नसेल तर? तर ते होईल, पण भूलतज्ज्ञांना गाठ आहे हे आधी ठाऊक असायला हवे. माहीत असलेल्या धोक्याची तयारी करता येते.

कॉर्टिसॉलकडे वळू. अ‍ॅड्रिनलची गाठ सापडलेल्या प्रत्येकाची ही तपासणी मी करतो. रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घ्यायचे आणि सकाळी आठ-नऊला रक्तातले कॉर्टिसॉल बघायचे. बाहेरून स्टिरॉइड आले की निरोगी अ‍ॅड्रिनल गप्प बसते. स्वतःच्या मर्जीने चालणारी गाठ बसत नाही. कॉर्टिसॉल डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅम किंवा त्याखाली आले तर उत्तम. दुकानात ही गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची मिळते, तेव्हा दोन घ्यायच्या. ४ मिलिग्रॅमचीही मिळते, ती नको. एका आजोबांनी ती घेतली होती, आणि एवढ्या माऱ्यापुढे मान टाकलेले त्यांचे कॉर्टिसॉल पाहून मी निर्धास्त झालो होतो. सहज पाकीट दाखवा म्हटले म्हणून कळले.

यात एक खड्डा आहे, आणि त्यात शिकलेसवरलेले लोकही पडतात. प्रयोगशाळा रिपोर्टवर सकाळच्या कॉर्टिसॉलची नेहमीची मर्यादा छापते, साधारण पाच ते पंचवीस. गोळी घेतल्यावर १.१ आले की शेजारी 'कमी' अशी खूण पडते आणि घरात रडारड. वस्तुतः तोच हवा असलेला निकाल. उलट ६.४ आले तर खूण पडत नाही, आकडा मर्यादेत दिसतो, सगळे खूश. वस्तुतः तीच गडबड. या रिपोर्टवरची छापील मर्यादा झाकून ठेवा आणि फक्त १.८ लक्षात ठेवा.

१.८च्या वर आले म्हणजेही लगेच गाठ दोषी असे नव्हे. रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे डेक्सामेथासोन लवकर फस्त करतात. गर्भनिरोधक गोळ्या किंवा इस्ट्रोजेन कॉर्टिसॉल वाढवून दाखवतात. रोज रात्री फेणी पोटात जाणाऱ्यांत, साखर फार चढलेल्यांत आणि खोल नैराश्यातही निकाल फसवा येतो. रात्रपाळीवाल्यांची घड्याळेच उलटी असतात. कॅसिनोत काम करणाऱ्या एका मुलीची तपासणी मी तिची पाळी बदलेपर्यंत पुढे ढकलली होती. आणि आईंबाबत मुद्दाम विचारतो: गुडघ्यात इंजेक्शने घेतली आहेत का? पावसाळ्यात गजकर्णाला दुकानातून आणलेले मलम महिनोन्‌महिने लावले आहे का? सांधेदुखीसाठी कुठली नाव नसलेली पुडी? या सगळ्यांत स्टिरॉइड असू शकते. त्याने चेहरा गोल होतो, साखर वाढते, आणि आपण बिचाऱ्या गाठीवर आळ घेतो.

निकाल खरोखर वाढलेला असेल तर माणसाकडे पाहतो. पोटावर जांभळ्या रुंद रेघा, कागदासारखी कातडी, टेकले तरी पडणारे निळे डाग, आदोळीवरून नारळ खोवून उठताना हाताचा आधार लागणे, हे असेल तर उघड कुशिंग, म्हणजे कॉर्टिसॉल फार वाढल्याचा आजार, आणि गाठ काढायची. बहुतेकांत यातले काहीच नसते. कॉर्टिसॉल थोडेसे जास्त, आणि रक्तदाब, साखर, हाडांचा ठिसूळपणा असे 'सर्वांनाच असणारे' आजार. याला सौम्य स्वायत्त कॉर्टिसॉलस्राव म्हणतात. तो पुढे उघड कुशिंगमध्ये क्वचितच जातो, पण हाडे आणि हृदय यांच्यावर हळू ओझे टाकत राहतो. इथे मतभेद आहेत आणि मी ते लपवत नाही. चाळिशीचा माणूस, एका बाजूची गाठ, वाढत जाणारा रक्तदाब आणि मणक्याचा दबलेला मणी असेल तर मी ऑपरेशनकडे झुकतो. ऐंशीच्या आजी, दोन गोळ्यांत सगळे ताब्यात, तर गोळ्या. आईंचे वय आणि आजार या दोघांच्या मधोमध पडतात, तेव्हा आकडा किती आला आणि हाडांची स्थिती काय, यावर ठरेल.

राहिला अल्डोस्टेरॉन, आणि तीन गोळ्यांमुळे माझा पहिला संशय त्याच्यावर आहे. अ‍ॅड्रिनलने अल्डोस्टेरॉन जास्त बनवण्याच्या आजाराचे वर्णन अमेरिकेतल्या जेरोम कॉन यांनी १९५५मध्ये केले आणि पुढे कित्येक वर्षे आम्हाला तो दुर्मीळ म्हणून शिकवला गेला. तो दुर्मीळ नाही. रक्तदाबाच्या शंभर रुग्णांत पाच-दहा तरी असतात, गोळ्यांना दाद न देणाऱ्यांत आणखी जास्त. पोटॅशियम कमी असले तरच शोधायचे हाही जुना समज. बहुसंख्य रुग्णांत पोटॅशियम ठीक असते. तपासणी म्हणजे अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (अल्डोस्टेरॉन बनवायचा हुकूम देणारा मूत्रपिंडाचा माल) यांचे गुणोत्तर. सकाळी उठून निदान दोन तास हिंडून-फिरून, मग थोडे बसून रक्त द्यायचे. आधी पोटॅशियम कमी असेल तर भरून काढायचे. आणि त्या आठवड्यात मीठ तोडायचे नाही. हे सांगितले की गोव्यातले रुग्ण माझ्यावर खूश होतात, कारण सुके बांगडे आणि मिस्कूट खायला हार्मोनच्या डॉक्टरने परवानगी दिली असे ते घरी सांगतात. आईंच्या तीन गोळ्या कोणत्या, ते मला कळवा. स्पायरोनोलॅक्टोन असेल तर साधारण चार आठवडे बंद ठेवावी लागते, बीटा ब्लॉकर गुणोत्तर उगाच वाढवून दाखवतात, पाणी काढणाऱ्या आणि 'प्रिल'-'सार्टन' जातीच्या गोळ्या ते झाकून ठेवतात. पण गोळ्या स्वतः बदलू नका. कधी कधी आहेत त्या गोळ्यांवरच तपासणी करून अर्थ लावता येतो, आणि पक्षाघाताचा धोका पत्करण्यापेक्षा मला ते परवडते.

समजा गुणोत्तर वाढलेले निघाले आणि पुढच्या तपासणीत पक्के झाले. तर गाठ डावीकडे दिसते म्हणून डावी काढून टाका, असे करता येत नाही. डावीकडची गाठ गप्प आणि उजवीकडची, सीटीत अगदी साधी दिसणारी ग्रंथी चोर, असे होते. दोन्हीही असू शकतात. म्हणून दोन्ही अ‍ॅड्रिनलच्या शिरांतून वेगवेगळे रक्त घेऊन तोलावे लागते. हे कौशल्याचे काम मोजक्याच ठिकाणी होते. एका बाजूचा दोष ठरला तर ऑपरेशन, दोन्ही बाजूंचा ठरला तर स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, तेही चांगले काम करते.

तेव्हा आतापर्यंतचा क्रम असा झाला: आधी घनतेचा आकडा, त्यावरून किंवा मेटानेफ्रिनवरून फिओ नाही याची खात्री, मग पित्ताशयाचा मार्ग मोकळा. डेक्सामेथासोन आणि अल्डोस्टेरॉनच्या तपासण्या त्यासाठी सहसा अडून राहत नाहीत, दोन-चार आठवड्यांत सवडीने होतात. फक्त त्या ऑपरेशनच्या दगदगीत करू नका. आजारी शरीराचे कॉर्टिसॉल तसेही चढलेले असते.

मामांच्या सुईबद्दल. थायरॉइडच्या किंवा स्तनाच्या गाठीत सुई घालतात, म्हणून इथेही तोच मार्ग असे वाटणे साहजिक आहे. अ‍ॅड्रिनलमध्ये तो सहसा चुकतो. गाठ फिओ असेल तर सुईने ती भडकून जीव धोक्यात येतो. सालीचाच कर्करोग असेल तर चिमूटभर पेशी पाहून सौम्य की वाईट हे सांगणे कठीण, आणि बंद पिशवीला भोक पडून आतले बाहेर सांडण्याची भीती. सुईचा उपयोग मोजक्या वेळी: दुसऱ्या अवयवाचा कर्करोग माहीत आहे, फिओ नाही हे सिद्ध आहे, आणि उत्तरामुळे उपचार बदलणार आहेत. आपल्या देशात आणखी एक प्रसंग येतो. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी फुगलेल्या, माणूस खंगत चाललेला, कातडी काळवंडलेली; तिथे क्षय किंवा हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते. पण त्यांत हार्मोन जास्त होत नाही, कमी पडते. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५मध्ये वर्णन केलेला आजार तोच. आईंची गाठ एका बाजूची आहे, तेव्हा तो धागा इथेच सोडू.

'पित्ताशयाबरोबर काढून टाकू' हे ऐकायला सोयीचे आहे, एका भुलीत दोन कामे. पण कशासाठी काढतो ते माहीत नसताना काढलेल्या अ‍ॅड्रिनलची किंमत मी पाहिली आहे. फिओ असेल तर आधी एक-दोन आठवडे अल्फा ब्लॉकर, भरपूर पाणी, आणि रक्तदाबाचा रुग्ण असूनही मीठ वाढवावे लागते. कॉर्टिसॉल बनवणारी गाठ असेल तर समोरची ग्रंथी इतकी वर्षे आयते खाऊन झोपलेली असते. गाठ काढल्यावर बाहेरून हायड्रोकॉर्टिसोन दिले नाही तर रुग्ण तिसऱ्या दिवशी उलट्या आणि घसरलेला रक्तदाब घेऊन कोसळतो. आणि गाठ गप्प असेल, आकडा १०च्या खाली असेल, तर ऑपरेशनच नको. तेव्हा 'विसरून जा' म्हणणारे डॉक्टर बरोबर ठरतील, फक्त तपासण्या झाल्यावर.

मुंबईचे म्हणाल, तर निदानासाठी तूर्त नको. साधा सीटी फोंड्यात, पणजीत, मडगावात कुठेही होतो, रक्ताचे नमुने इथूनच जातात. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवणार असाल तर जुन्या-नव्या सगळ्या सीडी घेऊन जा. नुसता कागदी रिपोर्ट घेऊन गेलात तर फेरी फुकट जाईल. फिओ निघाला, कर्करोगाचा संशय आला किंवा दोन्ही शिरांतले रक्त तोलायची वेळ आली, तर मात्र हे काम नेहमी करणाऱ्या हातांकडेच जा. तेव्हा मुंबई, पुणे, वेल्लोर यांचा विचार करू. साधी, लहान गाठ दुर्बिणीतून काढणे हे अनुभवी सर्जनला अवघड नाही. आधीची तयारी आणि नंतरची राखण चुकली तर मात्र चांगले ऑपरेशनही वाया जाते.

उद्या सकाळी सर्जनना फोन करा आणि एवढेच विचारा: औषध देण्याआधीची चित्रे आहेत का, आणि गाठीची घनता मोजून मिळेल का? तारीख पडली असेल तर भूलतज्ज्ञांना गाठीबद्दल स्वतः सांगा, दुसरे कोणी सांगेल असे धरून चालू नका. आईंना घाम-धडधड-डोकेदुखी एकत्र येते का, ते शांतपणे विचारा. येत असेल तर त्या वेळी रक्तदाब मोजून वेळेसह वहीत लिहून ठेवा. आकडा आला की तो, तिन्ही गोळ्यांची नावे, गुडघ्याच्या इंजेक्शनांचे उत्तर आणि पोटॅशियमचा शेवटचा रिपोर्ट पाठवा, मग पुढचे बोलू. मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा हेतू चांगला आहे, फक्त सुई तेवढी राहू द्या.